‘स्वतःलाही जपा’ म्हणजे नेमकं काय करायचं?

आईला दवाखान्यातून घरी सोडलं त्या दिवशी माझ्या हातात चार पानांचं डिस्चार्ज कार्ड होतं. पक्षाघाताने तिची उजवी बाजू आणि बोलणं, दोन्ही गेलं होतं. बीपीची गोळी सकाळी, रक्त पातळ ठेवायची रात्री, दर दोन तासांनी कूस बदलायची, नळीतून एका वेळी किती मिली द्यायचं, लघवीची पिशवी कधी रिकामी करायची, सगळं वेळेसकट लिहिलेलं होतं. माझ्यासाठी मात्र त्या कार्डावर एकही ओळ नव्हती. निघताना डॉक्टर एवढंच म्हणाले, “आणि ताई, स्वतःलाही जपा.”

घरात कुणाचं आजारपण काढलेल्या प्रत्येकाने हे वाक्य ऐकलेलं असतं. म्हणणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण ज्याला सलग तीन तास झोप मिळत नाही त्याने स्वतःला जपायचं म्हणजे उठून काय करायचं, हे कुणी सांगत नाही. मोबाइलवर ‘सेल्फ केअर’ असं शोधावं तर सुगंधी मेणबत्त्या आणि डोंगरातली रिसॉर्ट दिसतात. हे आपल्यासाठी नाही, असं वाटून आपण मोबाइल बाजूला ठेवतो आणि पुन्हा कूस बदलायला उठतो.

साडेतीन वर्षं आईचं केलं. तेव्हा आणि त्यानंतर या विषयाचं बरंच वाचलं. त्यातून हाती लागलं ते इथे शक्य तितक्या सोप्या शब्दांत मांडते आहे.

## आधी एक शब्द

घरातल्या आजारी, अपंग किंवा थकलेल्या माणसाचं रोजचं सगळं करणाऱ्या, आणि त्याचा पगार न घेणाऱ्या माणसाला ‘काळजीवाहक’ म्हणतात. पुण्यातल्या पार्किन्सन्स मित्रमंडळात, म्हणजे कंपवाताच्या रुग्णांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या मंडळात, याहून फार सुंदर शब्द वापरतात. आजारी माणूस तो ‘शुभार्थी’ आणि त्याचं करणारा तो ‘शुभंकर’. मी पुढे हेच दोन शब्द वापरणार आहे.

अडचण अशी की बहुतेक शुभंकर स्वतःला शुभंकर समजतच नाहीत. “मी तिची मुलगी आहे, मी नाही करणार तर कोण?” इथेच विषय संपतो. नात्याने केलेल्या कामाला आपल्याकडे काम म्हणत नाहीत, आणि जे काम नाही त्याला सुट्टी कसली?

पण ते काम आहे, आणि थोडंथोडकं नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया, म्हणजे विस्मरणापासून सुरू होऊन रोजचं जगणंच अवघड करणारा मेंदूचा आजार आहे. पक्षाघात, पार्किन्सन्स, कर्करोग यांची घरं वेगळीच. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत १५ ते ५९ वयातल्या ४१ टक्के स्त्रिया घरातल्या कुणाचं ना कुणाचं करताना आढळल्या, दिवसाला सरासरी १४० मिनिटं. पुरुषांमध्ये हे प्रमाण २१.४ टक्के, आणि मिनिटं ७४. यात लहान मुलांचं करणंही धरलेलं आहे, पण घरोघरी काय चालतं याचा अंदाज त्यावरून येतो.

## थकवा तर येणारच, त्यात एवढं काय?

मलाही असंच वाटायचं. मग एक जुना प्रयोग वाचनात आला. १९९५ साली अमेरिकेतल्या ओहायोमध्ये संशोधकांनी डिमेन्शिया झालेल्या नातेवाइकाचं करणाऱ्या १३ स्त्रिया आणि त्याच वयाच्या इतर १३ स्त्रिया निवडल्या. प्रत्येकीच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची छोटीशी जखम केली आणि ती भरायला किती दिवस लागतात ते मोजलं. इतर स्त्रियांची जखम सरासरी ३९ दिवसांत भरली. शुभंकर स्त्रियांना ४९ दिवसांच्या आसपास लागले. गट लहान होता हे खरं, पण नऊ-दहा दिवसांचा फरक मनाचे खेळ म्हणून सोडून देता येत नाही.

असं का होतं? घरात लग्न असलं की दोन-तीन दिवस आपण स्वयंपाकघरातल्या गळक्या नळाकडे बघत नाही. “कार्य होऊ दे, मग बघू.” शरीरही असंच वागतं. संकट दिसलं की कॉर्टिसॉलसारखी द्रव्यं रक्तात येतात, सगळी ताकद समोरच्या धावपळीकडे वळते आणि डागडुजी मागे पडते. चार दिवसांच्या कार्यासाठी ही व्यवस्था उत्तम आहे. शुभंकराच्या घरचं कार्य मात्र वर्षानुवर्षं आटोपत नाही. नळ गळतच राहतो.

१९९९ साली प्रसिद्ध झालेला दुसरा एक अभ्यास नेहमी सांगितला जातो, पण अर्धाच. रिचर्ड शुल्झ आणि स्कॉट बीच यांनी ६६ ते ९६ वयाच्या जोडप्यांकडे चार वर्षं लक्ष ठेवलं. आजारी जोडीदाराचं करणाऱ्या आणि त्याचा ताण जाणवणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका, असं करावं न लागणाऱ्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी जास्त आढळला. वर्तमानपत्रं इथे थांबतात. पुढचा भाग असा की जोडीदाराचं करत असूनही ज्यांना ताण जाणवत नव्हता, त्यांच्यात असा वाढलेला धोका दिसला नाही.

मला हा अर्धा भाग फार महत्त्वाचा वाटतो. सेवेने माणूस खचतो असं यातून निघत नाही. ताण साचत जातो तेव्हा तो खचतो. सेवा सोडणं आपल्या हातात नसतं, आणि बहुतेकांना ती सोडायचीही नसते. ताण मात्र थोडा थोडा उपसता येतो.

तो आहे किती, हे मोजताही येतं. स्टीव्हन झॅरिट या मानसशास्त्रज्ञाची २२ प्रश्नांची एक यादी जगभर वापरली जाते. स्वतःसाठी वेळ उरत नाही असं वाटतं का, त्या माणसाजवळ असताना चिडचिड होते का, असे साधे प्रश्न. प्रत्येकाला ० ते ४ गुण, एकूण ८८. शुभार्थीला घेऊन डॉक्टरांकडे जाल तेव्हा या यादीबद्दल विचारा. त्यांनी तुमच्याकडेही बघावं, हे त्यांना आठवतं तरी.

## इच्छा वेगळी, ध्येय वेगळं

“जरा स्वतःकडे लक्ष द्यायला हवं” ही इच्छा झाली. डॉक्टर चिठ्ठीवर “थोडं औषध घेत जा” असं लिहीत नाहीत. कोणतं, किती, केव्हा आणि किती दिवस, हे लिहितात. स्वतःसाठीचं ध्येय याच चार खणांत बसलं पाहिजे.

माझं पहिलं ध्येय होतं, रोज अर्धा तास चालायचं. चौथ्या दिवशी आईला जुलाब झाले आणि ते मोडलं. आठवडाभर मी स्वतःला बोल लावत राहिले. माझ्यात चिकाटी नाही, असं वाटायचं. खरं तर खोट त्या ध्येयाच्या मापात होती. नंतर मी ते असं लिहिलं: सोमवार, बुधवार, शुक्रवार, संध्याकाळी पाचला आईचं करायला ठेवलेली मावशी आली की सोसायटीच्या आवारात पाच फेऱ्या. हे वर्षभर टिकलं.

ते का टिकलं, याची दोन कारणं मला पुढे वाचताना सापडली.

पहिलं कारण पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाच्या कामात आहे. अमुक करीन असं नुसतं ठरवण्यापेक्षा ‘तमुक झालं की अमुक करीन’ असं ठरवलं तर ते पार पडण्याची शक्यता बरीच वाढते. थकलेल्या डोक्याला निर्णय घ्यायचा त्राण नसतो. मावशीने चपला काढल्या की मी माझ्या घालायचे, त्यात ठरवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. चहाचं आधण ठेवलं की मान आणि खांदे सैल करायचे. आईची बीपीची गोळी काढली की त्याच हाताने माझी थायरॉइडची काढायची. रोजच्या न चुकणाऱ्या कामाच्या शेपटीला आपलं छोटं काम बांधून टाकायचं.

दुसरं कारण स्टॅनफर्डच्या केट लोरिग यांच्याकडचं. दीर्घ आजाराच्या लोकांना स्वतःची काळजी घ्यायला शिकवणारे त्यांचे वर्ग प्रसिद्ध आहेत. ध्येय ठरलं की त्या वर्गात एक प्रश्न विचारतात: हे या आठवड्यात पार पडेल याची खात्री ० ते १० मध्ये किती? उत्तर सातच्या खाली आलं तर माणसाला जोर लावायला सांगत नाहीत, ध्येय लहान करायला सांगतात. अर्ध्या तासाच्या चालण्याला मी चार गुण दिले असते, पाच फेऱ्यांना आठ.

ध्येय एका वेळी एक, आठवड्याचं, आणि लिहिलेलं. आईच्या औषधांचा तक्ता आमच्या फ्रिजवर लावलेला होता. त्याच तक्त्याखाली मी रेघ मारून एक ओळ माझी वाढवली. डिस्चार्ज कार्डावर राहून गेलेली ती ओळ होती.

## पहिलं ध्येय पाठीचं असू द्या

स्वतःची काळजी म्हटलं की मन, छंद, ध्यान हेच डोक्यात येतं. माझ्या मते सुरुवात पाठीपासून करावी. अंथरुणावरच्या माणसाला दिवसातून दहा वेळा वर सरकवायचं, बसवायचं, खुर्चीत न्यायचं. हे कसं करायचं ते आपल्याला कुणीच शिकवलेलं नसतं. आपण कमरेत वाकतो, काखेत हात घालतो आणि ओढतो. महिन्याभरात कंबर धरते. शुभंकर आडवा झाला की दोघांचंही अडतं.

फिजिओथेरपिस्ट घरी येतात ते शुभार्थीसाठी. त्यांना एक दिवस सांगा, “आज पंधरा मिनिटं मला शिकवा.” मला जे शिकवलं ते असं. पलंगाची उंची आपल्या कमरेइतकी हवी, खाली असेल तर पायांखाली ठोकळे लावावेत. माणसाला धरून ओढायचं नाही. जुनी चादर दुहेरी घडी करून खांद्यापासून मांड्यांपर्यंत अंगाखाली घालून ठेवायची आणि दोघांनी दोन बाजूंनी चादर धरून सरकवायचं. उठवताना गुडघे वाकवायचे, पाठ सरळ ठेवायची, त्या माणसाला अंगाजवळ घ्यायचं, आणि वळायचं तर पाऊल वळवायचं, कंबर पिळायची नाही. जो हात-पाय चालतो त्याचा जोर त्यांना लावू द्यायचा. “एक, दोन, तीन” म्हणून दोघांनी एकदम. यात आईचाही मान राहिला. तिला उचललं जात नव्हतं, ती उठत होती.

पाठोपाठ दुसरं ध्येय, स्वतःची तपासणी. शुभार्थीच्या रक्ताच्या अहवालांची फाइल जाडजूड असते आणि शुभंकराचा शेवटचा अहवाल बाळंतपणातला. तिशीपुढच्या प्रत्येकाची रक्तदाब आणि साखरेची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत होते. आशाताईंना विचारलं तरी कळेल. माझा बीपी १५० च्या वर आहे हे मला आईच्या फिजिओथेरपिस्टने सहज म्हणून पट्टा बांधला तेव्हा समजलं. मी डोकेदुखीला जागरणाची म्हणून सोडून दिलं होतं.

## विसावा आधी ठरवून ठेवायचा

आळंदीहून पंढरीला निघालेली पालखी कधी अविरत चालत नाही. पुण्याहून सासवडला जायचा दिवस सगळ्यांत दमवणारा, पण त्या दिवशीही दिवे घाट चढण्याआधी हडपसर, वडकी नाला असे विसावे ठरलेले असतात. ते वेळापत्रकात छापलेले असतात. पाय दुखायला लागले की बघू, असं नसतं. विसाव्याला टेकलेल्या वारकऱ्याची वारी कमी झाली, असंही कुणी म्हणत नाही.

शुभंकराला थोडा वेळ मोकळं करण्यासाठी दुसऱ्या कुणी शुभार्थीजवळ थांबणं, याला मी विसावाच म्हणते. तो दोन तासांचा असेल, नाहीतर चार दिवसांचा. मोठ्या शहरांत ज्येष्ठांची डे-केअर केंद्रं आहेत, माणसं पुरवणाऱ्या ब्युरोतून मावशी किंवा मामा मिळतात, काही शुश्रूषा केंद्रांत थोड्या दिवसांसाठी ठेवता येतं. गावात यातलं बहुतेक नसतं. तिथे माणसंच लागतात, आणि माणसांना सांगावं लागतं.

इथे आपण चुकतो. “काही लागलं तर सांगा हं” असं म्हणणारे दहा जण असतात आणि आपण दहाही जणांना “नाही, नाही, चाललंय ठीक” म्हणतो. त्यांना काय करायचं ते कळत नसतं, म्हणून ते तसं मोघम म्हणतात. मी एक यादी केली. औषधं आणणं, गुरुवारी तासभर आईजवळ बसणं, विम्याचे कागद भरणं, रविवारी एक वेळचा डबा. पुढचा कुणी “काही लागलं तर” म्हणाला की यादी पुढे करायची, “यातलं कुठलं जमेल?” शेजारच्या काकू पुढची तीन वर्षं दर मंगळवारी चार ते सहा आमच्याकडे येऊन बसल्या, स्वतःचं विणकाम घेऊन.

भाऊ परदेशात आहे. तो रोज फोन करायचा, आईची चौकशी करायचा आणि सल्ले द्यायचा. मला त्याचा राग यायचा. मग त्याला दोन कामं ठरवून दिली: रात्रपाळीच्या मावशीचा पगार त्याचा, आणि औषधं संपत आली की ऑनलाइन मागवणं त्याचं. तिथली संध्याकाळ म्हणजे आमची पहाट, त्यामुळे मी झोपेत असताना औषधांची ऑर्डर गेलेली असायची. राग एकदम गेला नाही, पण फोन कानाला गोड लागू लागला.

## पण हा स्वार्थ नाही का?

हा प्रश्न लोक विचारतात त्याआधी आपणच स्वतःला विचारतो. सेवा म्हटलं की आपल्याकडे पुंडलिकाचं उदाहरण येतं. मायबापाचे पाय चेपत होता, देव दारात आला तरी उठला नाही. मी या गोष्टीकडे जरा बारकाईने बघते. पुंडलिकाने ती सेवा स्वतःच्या हातांनी केली, बायकोवर सोपवून कीर्तनाला गेला नाही. हे घरातल्या पुरुषांनी लक्षात घ्यावं. आणि त्याने प्रत्यक्ष विठ्ठलाला “थांब” म्हटलं, वर उभं राहायला वीट दिली. कुणाला थांबवायचं हे त्याला ठरवता येत होतं. आपल्याला मात्र भेटायला आलेल्या पाहुण्यांना चहा न देता “आज जमणार नाही” म्हणवत नाही. त्या चहाची वीस मिनिटं आपल्या झोपेतून जातात.

शिवाय दमलेल्या हातांची सेवा शुभार्थीला कळते. घास भरवण्याचा वेग बदलतो, आवाज चढतो. मी एका रात्री आईचा हात झटकून टाकला होता. ती बोलू शकत नव्हती, नुसती बघत राहिली. ते मी विसरू शकत नाही. त्या आठवड्यात मी एकूण किती तास झोपले होते ते नंतर मोजलं, तर एकोणीस भरले. माझी वृत्ती रातोरात वाईट झाली नव्हती, मी झोपले नव्हते.

## वेळही नाही आणि पैसाही नाही, तर?

ही अडचण खरी आहे, तिच्यावर गोड बोलून पडदा टाकणार नाही. बारा तासांच्या मावशीचा महिन्याचा पगार अनेक घरांच्या मिळकतीएवढा होतो. शुभंकराला ध्येय ठरवायला सांगितलं म्हणून समाजाची आणि सरकारची जबाबदारी संपत नाही. गावोगावी डे-केअर, घरी येणाऱ्या परिचारिका, नोकरीत शुश्रूषेची रजा, हे सगळं व्हायलाच हवं आणि त्यासाठी आपण बोललं पाहिजे.

तोवर जे फुकट आहे त्यापासून सुरुवात करू. दुपारी शुभार्थी झोपला की आपण भांडी घासायला धावतो. आठवड्यातून दोन दुपारी भांडी तशीच ठेवून आडवं व्हायचं, हे ध्येय होऊ शकतं. जेवण उभ्याने न करता ताटावर बसून करायचं, हेसुद्धा. मैत्रिणीला आठवड्यातून एक फोन, ज्यात आजाराविषयी बोलायचं नाही. ही ध्येयं लहान दिसतात, म्हणून ती कुणाला सांगायचा संकोच वाटतो. मला जेवायला बसायचं ध्येय गाठायला तीन आठवडे लागले.

## “त्यांना दुसरं कुणी चालतच नाही”

डिमेन्शियाच्या घरांत हे फार ऐकू येतं आणि ते खोटं नसतं. अनोळखी माणूस आला की शुभार्थी बिथरतो, तोंड मिटून घेतो. म्हणून नवा माणूस एकदम एकट्याने सोडायचा नाही. पहिले काही दिवस आपण खोलीतच असायचं, त्याने नुसतं शेजारी बसायचं. मग त्याने पाणी द्यायचं, मग एखादा घास. मग आपण दहा मिनिटं स्वयंपाकघरात. शाळेच्या पहिल्या आठवड्यात मुलाला सोडताना करतो, तसंच. आपण गेल्यावर थोडी कुरकुर होईल, ती सोसावी लागते. आणि सवय खरं तर दोघांना लागायची असते. पहिल्या मंगळवारी मी सोसायटीच्या फाटकापर्यंत जाऊन परत आले होते.

## ध्येय पुरेनासं होतं तेव्हा

फेऱ्या मारून आणि फोन करून सगळं सुटत नाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच रस वाटत नसेल, वेळ मिळूनही झोप येत नसेल, झोपेसाठी गोळ्या किंवा दारू लागत असेल, शुभार्थीवर हात उगारला जात असेल, “हे एकदाचं संपू दे” असा विचार सतत येत असेल, तर डॉक्टर गाठायचा. तो विचार येणं हे पाप नाही, फार जणांना येतो. आपला स्वतःचा जीव नकोसा वाटत असेल तर एक दिवसही थांबायचं नाही. केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते, मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. ज्येष्ठांसंबंधीची माहिती आणि मदत १४५६७ या एल्डरलाइनवर मिळते. हे दोन्ही क्रमांक औषधांच्या तक्त्यावरच लिहून ठेवा, म्हणजे गरज पडेल तेव्हा शोधावे लागणार नाहीत.

## नंतर

मंगळवारचे ते दोन तास मी भजनी मंडळाला दिले होते. घरी आले की गुणगुणत आईचे पाय पुसायचे. एके दिवशी तिने ओळखीच्या अभंगाचं धृपद माझ्याबरोबर म्हटलं, शब्दांसकट. पक्षाघाताने बोलणं गेलेल्या काही जणांना गाता येतं, कारण गाण्याची वाट मेंदूत थोडी वेगळी जाते, हे मला तोवर माहीत नव्हतं. त्यानंतर मंगळवारी चार वाजले की ती डाव्या हाताने मला दार दाखवायची.

आई गेली त्यानंतर दोन महिने मला रात्री दोनला जाग येत होती, कूस बदलायची वेळ म्हणून. फ्रिजवरचा तक्ता मी काढला. तिच्या ओळी कापून तिच्या फाइलमध्ये ठेवल्या. खालची माझी ओळ उरली होती, ती परत चिकटवली. पहिल्या मंगळवारी काकूच चारला आल्या, आणि या वेळी विणकाम न आणता माझ्याबरोबर मंडळात आल्या.